मंजुळाचा कागद आणि पेठचा रस्ता

निघण्याआधी

रस्त्यात वापरण्याजोगा संडास कुठे कुठे येतो, याचा नकाशा कुणी छापत नाही. माझ्या निळ्या वहीत तो आहे. नाशिक-मुंबई, नाशिक-पुणे आणि नाशिक-शिर्डी ही पानं पूर्ण झाली आहेत. कुठल्या पेट्रोलपंपावर कडी लागते, कुठे पाणी नसतं, कुठला हॉटेलवाला चहा घेतल्याशिवाय किल्ली देत नाही, सगळं त्यात आहे. पेठच्या रस्त्याचं पान मात्र कोरं होतं. नाशकात जन्म गेला, पण तिकडे जायचं कारण कधी पडलं नाही. या एप्रिलमध्ये पडलं.

मला एकोणीस वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, दिवसातून दहा-पंधरा वेळा पळावं लागतं, रक्त पडतं. हा आजार मुळापासून जात नाही, तो शांत होतो, आणि शांत ठेवण्यासाठी रोज गोळ्या घ्याव्या लागतात, बरं वाटत असतानाही. मी एका ज्युनियर कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक आहे. कागद, तक्ते, नोंदी हे माझं कामच. आजारही मी तसाच सांभाळला.

मंजुळाची आणि माझी ओळख संडासाच्या दारात झाली. एका धर्मादाय दवाखान्यात दुर्बिणीच्या तपासणीआधी पोट साफ करायचं औषध पिऊन आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो होतो आणि दार एकच होतं. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "ताई, तुमी जा आधी. तुमच्या तोंडावर दिसतंय." चाळिशीची, पेठकडची, भात-नागली करणारी बाई. दरवर्षी भात कापून झाला की नवऱ्याबरोबर पिंपळगावला द्राक्षाच्या कामाला जायची. आजार तोच, फक्त तिला तो कळून आठवडाच झाला होता.

तिला वाचता येत नव्हतं. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. पांढरी स्टेरॉइडची, हळूहळू कमी करत आठ आठवड्यांत बंद करायची. तपकिरी गोळी कायमची. मी तिला एक तक्ता करून दिला. वर पांढऱ्या गोळीची छप्पन घरं, प्रत्येक घरात जितक्या गोळ्या तितके ठिपके. खाली तपकिरी गोळीची तीस-तीस घरांच्या सहा ओळी. रोज गोळी घेतली की घरात बरोबरची खूण करायची. सहा ओळींचं कारण एवढंच की एका कागदावर तेवढ्याच बसत होत्या. बाकावर बसून तिला खूण करायला शिकवली आणि वरच्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "घरं संपली की गोळी बंद. एक जास्त नको, एक कमी नको." तिने मान डोलावली.

जुलै ते डिसेंबर तो कागद चालला. मध्ये दोनदा तपासणीला भेटली. गाल भरले होते. जानेवारीच्या तपासणीला मी दुसरा कागद तयार करून नेला. ती आली नाही. फोन बंद. वहीत लिहिलं, 'मंजुळा, फोन, पुन्हा करणे.' मग परीक्षा आल्या, कॉलेजचे कागद आले. मार्चच्या शेवटी फोन लागला. तो तिच्या नणंदेने, सीताने घेतला.

"वैनी गेली ताई. पिंपळगावास्नं आनली तवा अंगात रगत नव्हतं. गोळ्या तर बंदच होत्या ना."

शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं. मी मात्र ते घेऊन तीन आठवडे फिरत होते. गोळ्या बंद का होत्या? परवडत नव्हत्या असं नव्हतं, दवाखाना फुकट देत होता. विसरणारी ती नव्हती. मला एवढं एक कळायला हवं होतं. म्हणून गेले.

सावळघाट

शनिवारी सकाळी सातची गाडी. आदल्या संध्याकाळपासून पोटात डाळ नाही, दूध नाही, फक्त मऊ भात. पिशवीत ओले रुमाल, जास्तीचे कपडे, पाण्याच्या दोन बाटल्या, गोळ्या, निळी वही आणि कोरा राहिलेला दुसरा कागद. तो का घेतला, मला सांगता येणार नाही. यादीत नव्हता.

शहर संपलं की बंगले, नर्सरी, मग द्राक्षबागा आणि टोमॅटो. पुढे जमीन उंच-सखल होत जाते, बागा विरळ होतात. एप्रिलमध्ये तिकडचे उतार काळे दिसतात. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. गाडीच्या खिडकीतून तो जळका वास येत होता, आणि मधूनच मोहाच्या फुलांचा गोडसर, जरा आंबूस वास. शेजारी एक म्हातारी मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती. कोंबडी माझ्यापेक्षा शांत होती.

घाट सुरू झाला आणि पोटात पीळ पडला. एकोणीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, त्या क्षणापासून तुमच्याकडे सहा-सात मिनिटं असतात. मी उठून कंडक्टरबाईंकडे गेले.

"गाडी थांबवाल का? मला जायचंय."

"म्याडम, घाटात थांबत नाही. करंजाळीला थांबू. पंधरा मिनिटं."

"पंधरा नाहीत माझ्याकडे."

तिने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि दोरी ओढली. मग सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "पाच मिनिटं थांबतोय. इंजिन तापलंय."

ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "कोन म्हनलं तापलंय?"

"मी म्हनते. तुमी गप बसा, बिडी प्या."

मी उतरले तशी कोंबडीवाली म्हातारी मागून उतरली. कोंबडी तिने कुणाच्या तरी हातात दिली होती. करवंदीच्या जाळीमागे मी बसले आणि ती माझ्याकडे पाठ करून पदर पसरून उभी राहिली. रस्त्यावरून एक टेम्पो गेला तर त्याच्यावरच खेकसली, "काय बघतोस रे, बाया नाय पाह्यल्या?" परत येताना मी काही बोलणार, तर म्हणाली, "मला पन जायचंच होतं." तिला जायचं नव्हतं, ती गेलीच नव्हती.

आमच्या शहरात अशा वेळी लोक नजर चुकवतात, त्यालाच सभ्यपणा म्हणतात. मीही म्हणत आले. एकोणीस वर्षांत ऑफिसमध्ये कुणाला कळू दिलेलं नाही. गोळ्या मी संडासात जाऊन घेते, नळ सोडून, पाकिटाचा आवाज येऊ नये म्हणून.

करंजाळीला गाडी थांबली तेव्हा मी उतरून वहीत लिहिलं, 'सावळघाट. सोय नाही. माणसं आहेत.'

पाड्यावर

पेठच्या अलीकडे फाट्यावर काशिनाथभाऊ उभे होते. मंजुळाचा नवरा. पायात रबरी चप्पल, डोक्यावर टोपी, उन्हाने रापलेला बारीक माणूस.

"तुमीच ना कागदवाल्या ताई?"

मी हो म्हटलं. त्यांनी माझी पिशवी घेतली. पाडा फाट्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर होता. वाटेत काजूची चार झाडं, कोरडा ओढा, मोहाखाली टोपली घेऊन फुलं वेचणाऱ्या दोन बायका. एका ठिकाणी ते थांबले आणि समोरच बघत म्हणाले, "ताई, संडास हाय आमच्याकडं. सांगून ठेवतो. आधी त्यात लाकडं होती. मंजुळानं लाकडं काडाय लावली. म्हनली, माजी खोली हाय ती."

आणि हसले. मीही हसले.

घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, आत गार. मागच्या बाजूला ती खोली. मी येणार म्हणून पाण्याची बादली काठोकाठ भरून ठेवली होती, तांब्या घासलेला, कडीला नवी सुतळी. अशी तयारी माझ्या सख्ख्या बहिणीकडेही नसते, कारण तिला मी कधी सांगितलेलंच नाही. इथे सांगावं लागलं नाही. या घराला तो आजार माहीत होता.

सीता चुलीपाशी होती. तिशीची, चटपटीत, तोंडाने फटकळ. घरच्यांशी त्यांच्या कोकणा जमातीच्या बोलीत बोलायची, माझ्याशी मराठीत. तिने पानं मांडली. काशिनाथभाऊंच्या पानात नागलीची भाकर, उडदाचं भुजं आणि लाल मिरचीचा ठेचा. माझ्यापुढे मात्र वरईचा मऊसर भात, वर पातळ ताक, मीठ कमी.

"मला भाकर चालेल गं," मी भिडेखातर म्हणाले.

"नाय चालायची," सीता म्हणाली. "वैनीला चालत नव्हती तर तुमाला काय चालंल? वैनीचं जेवन केलंय तुमाला. गुमान खा."

मी गुमान खाल्लं. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं जेवण कावळ्याला ठेवतात. इथे ते माझ्या पानात होतं, आणि मला ते सोसत होतं.

जेवण झाल्यावर काशिनाथभाऊ उठले आणि कणगीशेजारच्या खिळ्यावरची प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत कागद होता. माझाच तक्ता, चार घड्या पडलेला, एका कोपऱ्याला हळदीचा डाग.

"बघा ताई. एक घर मोकळं नाय."

खरंच नव्हतं. पांढऱ्या गोळीची छप्पन घरं भरलेली. खाली पहिल्या ओळीतल्या खुणा उलट्या आणि वाकड्या, पेन दाबून कागद फाटेल अशा. तिसऱ्या ओळीपासून हात सुधारला होता. सहाव्या ओळीतल्या खुणा माझ्या कार्यालयातल्या कुठल्याही कारकुनापेक्षा स्वच्छ होत्या. शेवटच्या घरातली खूण जरा मोठी होती, घराच्या बाहेर गेलेली.

"सेवटचं घर भरलं त्या दिशी तिनं गूळ वाटला," ते म्हणाले. "पाड्यावर दारोदार. म्हनली, माजा कोर्स पुरा झाला."

मला आधी कळलंच नाही. मग वरचा तक्ता दिसला, खालचा दिसला, आणि माझं स्वतःचं बोट दिसलं, बाकावर, वरच्या तक्त्यावर ठेवलेलं. घरं संपली की गोळी बंद. वरची घरं संपली, तिने पांढरी गोळी बंद केली आणि ते बरोबर होतं. मी तपासणीला तिला शाबासकीही दिली होती. मग खालची घरं संपली.

"गोळ्या संपल्या होत्या का?" मी विचारलं. चूक माझी नसण्याची अजून एक वाट उरली होती, म्हणून विचारलं.

सीताने फळीवरून दोन पाकिटं काढून आणली. तपकिरी गोळ्या, न फोडलेल्या. "ह्या उरल्या. वैनी म्हनली, तपासनीला जाऊ तवा परत देऊ. कोना गरिबाला व्हतील."

मग पिंपळगावचं सांगणं झालं. जानेवारीत मळ्यावर गेले. पंधरा दिवस बरं होतं. मग पोट दुखायला लागलं. मंजुळा म्हणायची, कोर्स झालाय, हे दुसरं काय तरी असंल, द्राक्षावरच्या औषधानं असंल. फोन चार्ज करायला जागा नव्हती. घड मोजून पेट्या भरायच्या होत्या. दिवसातून वीस वेळा बागेच्या टोकाला जायची आणि परत येऊन कात्री धरायची. फेब्रुवारीच्या शेवटी उभी राहिना तेव्हा टेम्पोत घालून दवाखान्यात नेली. तिसऱ्या दिवशी गेली.

मी पिशवीतून दुसरा कागद काढला आणि जमिनीवर ठेवला. तीस-तीस घरांच्या सहा ओळी, फक्त तपकिरी गोळीच्या.

"काशिनाथभाऊ, ती गोळी बंद करायची नव्हती. कधीच नाही. पुढचा कागद हा होता. मी तिला नीट सांगितलं नाही. चूक माझी आहे."

बोलून झाल्यावर मला वाटलं की आता काही तरी होईल. काहीच झालं नाही. चुलीतलं एक लाकूड सीताने मागे ओढलं.

"मंग द्यायचा ना आधीच," ती म्हणाली. "दोन कागद एकदम देता नसते आले?"

आले असते. टाचणी लावून देता आले असते. इतकं साधं होतं.

काशिनाथभाऊ दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत होते. मग म्हणाले, "ताई, तुमी पन त्याच गोळ्या खाता का?"

"हो."

"किती दिस झाले?"

"एकोणीस वर्षं."

"हे तिला ठावं व्हतं?"

मी कोऱ्या कागदाची घडी हाताने सरळ केली. तिला माहीत नव्हतं. ती घाबरू नये म्हणून मी तिला नेहमी एवढंच म्हणायचे, 'माझ्याकडे बघ, मी कशी ठणठणीत आहे.' कशामुळे ठणठणीत, ते सांगितलं नाही. आणि तिच्यासमोर मी कधी गोळी घेतली नाही. तिच्या डोळ्यांना दिसत होतं ते असं की ताईला हा आजार झाला होता आणि ताई बरी झाली.

"नाय," त्यांनीच उत्तर दिलं. "ठावं असतं तर माज्याशी बोलली असती."

त्यांनी रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मला काही धरता आलं असतं. दीड वाजला होता, माझ्या गोळ्यांची वेळ. मी पाकीट काढलं आणि तिथेच, दोघांसमोर, चुलीपाशी बसून दोन गोळ्या तळहातावर घेतल्या. सीताने न विचारता पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि मी गिळेपर्यंत बघत राहिली. मंजुळाकडे ती अशीच बघत असणार.

परत

निघताना मी काशिनाथभाऊंना म्हटलं, "हा भरलेला कागद मी नेऊ का? दवाखान्यात दाखवीन. पुन्हा कुणाचं असं होऊ नये."

त्यांनी तो घडी घालून पिशवीत ठेवला आणि पिशवी खिळ्याला लावली. "नको ताई. तिच्या हातचं येवढंच लिवलेलं हाय."

मी दुसरा कागद उचलला नव्हता. तो जमिनीवरच होता. सीताने तो उचलून माझ्या हातात दिला. "ह्यो न्या. मोकळा कागद घरात नको."

उरलेल्या दोन पाकिटांवरची तारीख मी बघितली. वर्षभर चालणार होती. ती मी घेतली. आमच्याकडे अशा घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत, म्हणून मी नुसती उठले. तर सीताच दारातून ओरडली, "येते म्हना की. न सांगता काय चाल्लात!"

"येते," मी म्हटलं.

फाट्यापर्यंत काशिनाथभाऊ सोडायला आले. मोहाखालच्या बायका घरी गेल्या होत्या, जमिनीवर पुन्हा फुलांचा सडा पडला होता. गाडी दिसली तेव्हा ते म्हणाले, "तिकडं त्या बाकावर अजून कोन बसत असंल ना ताई? नवं?"

"बसतात."

"त्याइला सांगा तुमची एकोनीस वर्सं." आणि पिशवी माझ्या हातात देऊन वळले.

नाशकात आल्यावर सोमवारी ती दोन पाकिटं दवाखान्यात दिली. त्याच आठवड्यात देवळाली कॅम्पहून एका जवानाची बायको नव्याने आली होती. तिच्याशेजारी बसले, आधी माझी गोळी तिच्यासमोर घेतली, वर्षं सांगितली आणि मग तक्ता काढला. ती रडायला लागली. मंजुळा रडली असती की नाही, मला माहीत नाही. मी तिला संधीच दिली नाही. आता तक्ता करते तेव्हा शेवटच्या घरातून एक बाण काढते, कागदाच्या कडेपर्यंत, आणि पुढचा कागद त्यालाच टाचून देते. ऑफिसमध्ये दुपारच्या गोळ्या टेबलावर बसून घेते. दोघीतिघींनी विचारलं, मी सांगितलं.

पेठच्या रस्त्याचं पान वहीत आता भरलेलं आहे. त्याच पानात दुसरा कागद घडी करून ठेवला आहे. त्यावर बाण नाही. मंजुळाला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. छप्पन आणि एकशे ऐंशी. मोजण्यात ती कुठेच चुकली नव्हती.